पेढ्याला मुदत, समितीला मुदतवाढ

१ ऑक्टोबर २०२० पासून देशातल्या प्रत्येक हलवायाला एक पाटी लावणं भाग पडलं. सुटी मिठाई ज्या ट्रेमध्ये मांडली असेल त्या ट्रेसमोर, ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्याजोगी आहे ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहायचं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा हा आदेश पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या बाजारपेठेलाही लागू आणि दौंडच्या स्टेशनाबाहेरच्या दुकानांनाही. आदेश शहाणपणाचा आहे. पेढा कितीही सज्जन दिसला तरी चौथ्या दिवशी त्याच्या मनात काय चाललंय ते वरून कळत नाही. आता समजा, तारीख उलटली आणि दुकानदाराने ओल्या फडक्याने पाटी पुसून तिच्यावर पुढच्या आठवड्याची तारीख घातली. याला तुम्ही-आम्ही फसवणूक म्हणू, आणि कायदाही वेगळं काही म्हणणार नाही. हेच काम मंत्रालयात एखाद्या समितीच्या बाबतीत झालं की त्याला ‘मुदतवाढ’ म्हणतात. मुदतवाढीच्या आदेशाच्या माथ्यावर क्रमांक असतो, तळाशी ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते, आणि ओलं फडकं कुठेच दिसत नाही. समितीने मधल्या काळात काय केलं हे मात्र त्या कागदावर शोधावं लागतं, आणि पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. पेढा आणि समिती यांच्यात हा भेदभाव का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. निदान अन्न सुरक्षेवर सल्ला देणाऱ्या समितीला तरी पेढ्याचा नियम लावावा, एवढीच मागणी. समित्या बुडवा असं इथे कोणी म्हणत नाही. मुदतवाढ जरूर द्यावी. आधी नमुना घ्यावा.

या समित्या येतात कुठून ते पाहू. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा पन्नास वर्षांहून अधिक चालला. नावाप्रमाणे तो भेसळ करणाऱ्याच्या मागे लागायचा. मग २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. या कायद्याचा स्वभाव जरा सल्लामसलतीचा आहे. दिल्लीत एक केंद्रीय सल्लागार समिती असावी, तिच्यात उद्योग, शेती, ग्राहक, संशोधन संस्था आणि प्रयोगशाळा यांचे प्रतिनिधी असावेत, सगळ्या राज्यांचे अन्न सुरक्षा आयुक्त असावेत, आणि तिने वर्षातून किमान तीनदा भेटावं, असं कायद्यातच लिहिलंय. परवाना आणि नोंदणीच्या २०११ च्या नियमावलीने त्याच्याही पुढे जाऊन राज्याच्या आयुक्तांना राज्य, जिल्हा आणि चक्क पंचायत पातळीवर सल्लागार समित्या नेमण्याची मुभा दिली. म्हणजे नियमाच्या दृष्टीने न्हावऱ्याची वेगळी, मलठणची वेगळी, राहूची वेगळी अन्न सल्लागार समिती असू शकते. एवढ्या समित्या खरोखर नेमल्या तर शिरूर-दौंडमध्ये सल्ला देणारे इतके होतील की सल्ला घ्यायला शेजारच्या श्रीगोंद्याहून माणसं आणावी लागतील.

समित्यांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे आहे असं कोणी समजू नये. ५ ऑगस्ट २०१६ रोजी, कायदा लागू झाल्याला बरोबर पाच वर्षं होत असताना, सर्वोच्च न्यायालयाने दूधभेसळीच्या एका खटल्यात निकाल दिला. स्वामी अच्युतानंद तीर्थ विरुद्ध भारत सरकार असं त्या खटल्याचं नाव. न्यायालयाने राज्यांना सांगितलं की मुख्य सचिव किंवा दुग्धविकास सचिव यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या नेमा, महाराष्ट्रात आहेत तशा. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने आपल्या समित्यांकडे बोट दाखवून बाकीच्यांना ‘असं करा’ म्हणावं, ही केवढी मोठी गोष्ट! पुढे २०२३ साली महाराष्ट्र शासनाने दूध आणि दुग्धजन्य पदार्थांतली भेसळ रोखण्यासाठी जिल्हास्तरीय समित्या स्थापन केल्या. हे वाचून साधा वाचक गोंधळतो. जी वस्तू २०१६ साली देशापुढे नमुना म्हणून ठेवली, ती २०२३ साली पुन्हा बनवायची पाळी का यावी? मधल्या सात वर्षांत आधीची समिती संपली, झोपली, की तिनेच नवं नाव घेऊन नवा संसार मांडला, हे दुधाची पिशवी फोडणाऱ्या माणसाला कळायला काही मार्ग नाही. दुधाच्या पिशवीवर निदान तारीख तरी असते.

मुदतवाढ ही आपल्याकडे अन्नखात्याची मक्तेदारी नाही, हे मान्य केलं पाहिजे. अयोध्या प्रकरणी डिसेंबर १९९२ मध्ये नेमलेल्या लिबरहान आयोगाला तीन महिने दिले होते; ४८ मुदतवाढी घेऊन त्याने जून २००९ मध्ये अहवाल दिला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळं १९९४ साली आली आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ३० एप्रिल २०२० पर्यंत जगली. खुद्द शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या हिंसाचाराची चौकशी करायला २०१८ साली नेमलेल्या आयोगालाही आरंभी चार महिनेच दिले होते. तो विषय हसण्याचा नाही, म्हणून तिथली मोजणी इथेच थांबवू. गंमत अशी की ज्यांना लोक निवडून देतात त्यांना ही सवलत नाही. पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि त्याहून एक दिवस जास्त नाही, असं राज्यघटनाच सांगते. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि तिच्याबरोबर पंचायत समित्यांची मुदत संपली तेव्हा सदस्य मुकाट्याने घरी गेले आणि खुर्चीवर प्रशासक बसले. मतदाराने नेमलेला माणूस नाशवंत आणि कक्ष अधिकाऱ्याने टिपणी लिहून नेमलेली समिती टिकाऊ, असा हा हिशेब आहे. मतात बहुधा पाण्याचा अंश जास्त असावा.

पण समिती टिकाऊ आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. गूळही वर्षभर टिकतो. प्रश्न आहे तो टिकून ती काय करते याचा, आणि तो दुधापासून सुरू करणं बरं, कारण शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सकाळी उठतात तेच मुळी कॅन आणि किटल्यांच्या आवाजाने. २०११ साली प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने तपासले, ६८.४ टक्के मानकाला उतरले नाहीत. देशाने त्याचा अर्थ ‘शंभरातलं अडुसष्ट लिटर दूध विषारी’ असा लावला आणि चहा पीत पीत घाबरला. त्यातला मोठा वाटा पाण्याचा आणि कमी फॅट-एसएनएफचा (स्निग्धांश आणि बाकीच्या घनपदार्थांचा) होता, हे वाचायला कोणाला सवड होती? मग २०१८ साली मोठी पाहणी झाली, १,१०३ गावं-शहरांतून ६,४३२ नमुने. त्यात खरीखुरी घातक भेसळ निघाली १२ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ नमुन्यांत. हे अफ्लाटॉक्सिन कोणी मध्यरात्री ड्रममध्ये कालवत नाही. ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून, ओल्या मक्यातून, नीट न दाबलेल्या मुरघासातून. गाय ते खाते, तिचं यकृत त्याचं रूप बदलतं, आणि ते आचळातून किटलीत उतरतं. युरिया घालणाऱ्याला पकडायला पोलीस लागतो. बुरशीला पकडायला पोलिसाचा उपयोग नाही. तिथे गोठ्यात जाऊन ‘पेंडीचं पोतं भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, खाली फळी घाला’ असं सांगणारा माणूस लागतो. म्हणजे नेमका सल्ला लागतो. सल्लागार समितीने जन्माला यावं असं हे काम आहे. तरी २०२३ च्या समितीची रचना पाहिली तर अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकारी आणि सोबत पोलीस, अन्न प्रशासन, वजनमापं, पशुसंवर्धन, दुग्धविकास अशा खात्यांचे अधिकारी. छापा घालायला जय्यत पथक आहे. पण छापा ज्याच्यावर घालायचा तो १२ नमुन्यांत, आणि सल्ला ज्याला द्यायचा तो ३६८ नमुन्यांत.

गुळाचं प्रकरण याहून रंगतदार आहे, आणि इथे दौंड तालुक्याला तोड नाही. केडगाव, राहू, यवत, पारगाव या पट्ट्यातून जाताना गुऱ्हाळाचा वास रस्त्यावरच्या फलकाआधी गाव सांगतो. चरकातून रस निघतो, गाळून काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं पेटलेली, वर भेंडीच्या चिकाने मळी गोळा होऊन तरंगते, ती काढून टाकायची. रस आटत आटत पाक होतो आणि गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी बघतो. त्याच्या त्या दोन बोटांत जे ज्ञान आहे ते कोणत्याही समितीच्या विषयपत्रिकेत मावणार नाही. मग काहील वाफ्यात रिकामी होते आणि ढेपा पडतात. प्रामाणिक गूळ तपकिरी असतो, पाऊस लागला की पाघळतो, त्याला मुंगळे लागतात. पण गिऱ्हाइकाला तो चालत नाही. गिऱ्हाइकाला गूळ हवा पिवळाधमक, ज्या डोळ्यांनी तो स्थळाच्या जाहिराती वाचतो त्याच डोळ्यांनी तो ढेप बघतो: गोरी, देखणी, डाग नसलेली. म्हणून काहिलीत हायड्रोस या रसायनाची पावडर पडते आणि गूळ उजळतो. गिऱ्हाईक खूश होऊन ‘एकदम गावरान’ म्हणतो. आता यात गुन्हेगार किती आणि गिऱ्हाईक किती, हे ठरवायला समिती बसली तर तिला पहिली मुदतवाढ इथेच लागेल.

त्यातून साखर. बाजारात गुळाचा भाव साखरेच्या वर गेला की काही गुऱ्हाळांत काहिलीत उसाच्या रसाबरोबर साखरेची पोती रिकामी होतात, आणि भेसळीचा गूळ आणि साखर जप्त केल्याच्या बातम्या दौंड तालुक्यातून येतात. या भेसळीचं तत्त्वज्ञान बघण्यासारखं आहे. दुधात पाणी घातलं तर परका आत घुसला असं म्हणता येतं. गुळात साखर म्हणजे सख्ख्या भावाने भावाच्या घरात शिरणं. दोघांचा बाप ऊस, दोघांच्या अंगात सुक्रोजच. शिवाय गुळात साखरेचा अंश अमुक टक्क्यांपेक्षा कमी नसावा असं मानक सांगतं. तेव्हा साखर ओतणारा त्या एका बाबतीत मानक जरा जास्तच मनापासून पाळतो. निव्वळ साखरेचं प्रमाण मोजून त्याला धरणं अवघड. त्याला धरायचं तर गुऱ्हाळाच्या मागच्या खोलीत पोती बघावी लागतात, किंवा साधा प्रश्न विचारावा लागतो: शिवारात तोडीला ऊस नसताना चुलवाण पेटलंय ते कशावर? हा प्रश्न प्रयोगशाळेला सुचत नाही. तो गुळव्याला सुचतो, ऊसतोड मुकादमाला सुचतो, केडगावच्या अडत्याला ढेप हातात घेतल्याबरोबर सुचतो. समितीत यांतलं कोणी असेल तर त्या समितीला दहा वर्षांची मुदतवाढ द्यायला आमची हरकत नाही. पण ‘अशासकीय सदस्य’ या सदरात गुळव्याचं नाव वाचायला मिळणं हे रांजणगावच्या यात्रेत मोकळी पार्किंग मिळण्याइतकं दुर्मीळ. तिथे नेमले जातात ते ‘सामाजिक कार्यकर्ते’. हा पदार्थ कशापासून बनतो याची लेबलावर माहिती नसते.

नमुना घेण्याची गोष्ट निघालीच आहे, तर कायद्याने तो कसा घेतात हे समितीसाठी उपयोगी पडेल. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखीव राहतात, आणि चौथा, दुकानदाराने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील. दुधाचा नमुना वाटेत नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलीनचे थेंब टाकतात. गवळ्याने टाकले तर भेसळ, अधिकाऱ्याने टाकले तर कार्यपद्धती. यात चूक काही नाही, नासलेल्या नमुन्यावर खटला उभा राहत नाही. पण एखाद्या समितीलाही असंच काहीतरी घालून टिकवत असावेत, अशी शंका यायला जागा आहे. ताजी वाटते, वास येत नाही, आणि पिण्याच्या कामाची नसते.

शिवाय हद्दीचा प्रश्न. दौंड जंक्शनच्या फलाटावरचा वडा रेल्वेच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या हद्दीत तळला जातो आणि फाटकाबाहेरचा वडा राज्याच्या हद्दीत. दोघांचा बटाटा एका बाजारातला, तेल एका डब्यातलं, तरी फाटक ओलांडलं की वड्याचं नागरिकत्व बदलतं. तिकडे रांजणगाव एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला परवाना केंद्राचा, आणि त्याच्या दारातल्या टपरीवाल्याची वार्षिक उलाढाल लहान म्हणून त्याची नोंदणी राज्याची. कारखान्यातला कामगार दुपारी टपरीवर येतो तेव्हा तो एका सरकारच्या अखत्यारीतून दुसऱ्या सरकारच्या अखत्यारीत भजी खायला येतो. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणारी जागा हवीच, आणि समितीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. ज्यांना समित्या निरुपयोगी वाटतात त्यांनी वड्याची ही फाळणी कोण मिटवणार याचं उत्तर द्यावं.

आता आक्षेप. पहिला: अहो, समिती सल्लागार आहे, तिला दात नाहीत, तिच्याकडून चावण्याची अपेक्षा का? बरोबर. दात नसलेल्या आजीकडून आपणही चावण्याची अपेक्षा ठेवत नाही, पण ती बोलते. लोणच्यात मीठ कमी पडलंय, डब्याला ओला चमचा लावलाय, हे ती सांगते आणि घर ऐकतं. समितीने काय सांगितलं, कोणी ऐकलं, एवढं तरी कुठे लिहिलेलं सापडावं. दुसरा आक्षेप: खर्च किती, चहा-बिस्किटं आणि थोडा प्रवासभत्ता, एवढ्याशा गोष्टीवर एवढा लेख? पैशाचा खर्च खरंच किरकोळ आहे. खरा खर्च वेगळा. विधानसभेत भेसळीवर प्रश्न आला की ‘समिती कार्यरत आहे’ हे उत्तर तयार असतं आणि प्रश्न तिथेच विझतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची रिकामी पदं, प्रयोगशाळांवरचा भार, हे सगळं त्या एका वाक्याच्या चादरीखाली झोपतं. चहा स्वस्त असतो. ही चादर महाग पडते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. अनुभवाला वेळ लागतो. फॅट म्हणजे काय, एसएनएफ म्हणजे काय, ‘तीन-पाच, आठ-पाच’ म्हटलं की दूध संकलन केंद्रावर कोणाचा चेहरा का उतरतो, हे कळायला नव्या सदस्याची दोन वर्षं जातात, आणि कळू लागतं तेव्हा मुदत संपते. म्हणून जुन्यांनाच पुढे चालू द्यावं. हे विरजणाचं तत्त्व आहे आणि विरजणावर आपलं सगळं ताक-लोणी उभं आहे: कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात. पण विरजण लावणारी बाईसुद्धा चमचा घालण्याआधी दही चाखते. आंबट झालं असेल तर शेजारून नवं आणते. शिवाय विरजणाला पातेलंभर ताजं दूध लागतं. नुसता चमचा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत वर्षानुवर्षं फिरवत राहिलं तर त्याला दही लावणं म्हणत नाहीत. जुन्यांतले एकदोन ठेवा, बाकी दूध ताजं घ्या: एखादा गुळव्या, एखादी दूध घालणारी शेतकरीण, आठवडे बाजारातला एक शेवचिवडेवाला, अंगणवाडीत खिचडी शिजवणारी एक बाई. केंद्राच्या कायद्यात शेतकरी आणि ग्राहक सल्लागार समितीत बसू शकतात, तर जिल्ह्याला कोणी अडवलंय? नाही तर होतं काय, की अन्न खात्याच्या कामावर सल्ला द्यायला अन्न खात्याचेच अधिकारी बसतात. अष्टविनायकांतला एक गणपती तालुक्यात असलेल्या शिरूरकरांना ‘गुळाचा गणपती, गुळाचाच नैवेद्य’ ही म्हण समजावून सांगायला नको. नैवेद्यासाठी नाक खरवडायचं आणि नैवेद्य चुकला म्हणून नाकाला जाब विचारायचा.

चौथा आक्षेप इतिहासातून येऊ शकतो: सार्वजनिक अन्नाची व्यवस्था ही कायम वरच्यांचीच असते, तिथे गुळव्याबिळव्याचं काय काम? याचा दाखला शिरूर तालुक्यातच आहे. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आणलं. त्यात पाच खोल्यांचं एक घर निघालं, ते प्रमुखाचं मानतात, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. म्हणजे कोठारावर देखरेख ठेवणारा तेव्हाही कोठाराच्या शेजारीच राहायचा. पण यातली दुसरी बाजू बघा. कोठार शेजारी असल्याने धान्याला किडा लागला की त्याला बैठकीची नोटीस काढावी लागत नसावी. रात्री वास यायचा. आजच्या समितीचं घर कोठारापासून फार लांब पडतं. पुण्यात बैठक, पोतं राहूला.

राहता राहिला पाचवा आक्षेप, तो आमच्याच मागणीवर. तुम्ही म्हणता समितीला तारीख घाला. तारीख घालून काय होतं? अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने १९७६ साली आणि टेक्ससने १९७७ साली असे कायदे केले की सरकारी मंडळाच्या जन्मदाखल्यातच मृत्यूची तारीख लिहायची, आणि विधिमंडळाने मुद्दाम जगवलं नाही तर ते मंडळ संपायचं. त्याला ते ‘सूर्यास्त’ कायदे म्हणतात. आपल्याकडेही एक प्रयोग चालू आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार आयुक्त एखाद्या पदार्थावर बंदी घालतात ती एका वर्षापेक्षा जास्त काळाची असू शकत नाही. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि तेव्हापासून दर वर्षी ती नव्याने घालतो. कायद्याचा हेतू असा की वर्षाच्या शेवटी कोणीतरी थांबून विचार करावा: बंदीने काय साधलं, पुड्या कुठून येतात, कोणत्या रस्त्याने येतात? प्रत्यक्षात आदेश वाढतो आणि पुडीही वाढते. पानटपरीच्या पुढच्या बाजूला बंदीला मुदतवाढ मिळते, मागच्या बाजूला गुटख्याला. तेव्हा नुसत्या तारखेने काही होत नाही हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. पेढ्याच्या पाटीवर तारीख असते म्हणून पेढा चांगला राहत नाही. तारखेच्या दिवशी कोणीतरी ट्रे उचलून बघतो म्हणून राहतो. समितीच्या बाबतीत ट्रे म्हणजे इतिवृत्त. वर्षात किती बैठका झाल्या, गणपूर्ती किती वेळा झाली, ‘मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे’ हा विषय सोडून दुसरा कोणता विषय पुढे सरकला, दिलेल्या सल्ल्यांतले किती अंमलात आले. एवढं चार ओळींत मुदतवाढीच्या आदेशाला जोडावं. जोडता येत नसेल तर पाटीवर जुनी तारीख तशीच राहू द्यावी.

आणि ते कोणी जोडायची वाट बघायलाही नको. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक कार्यालयाने आपल्या मंडळांची, परिषदांची आणि समित्यांची यादी आपणहून जाहीर करावी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त बघायला मिळतं का तेही सांगावं, असं लिहिलेलं आहे. शिरूर-दौंडच्या वाचकांपैकी ज्याला उत्सुकता असेल त्याने जिल्हा समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढं एका कागदावर विचारावं. दुधाच्या नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत मिळायचा असतो, या नमुन्याचा ३० दिवसांत. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तेवढ्यात पावशेर गूळही येत नाही.